अंगणातला ग्रिडल आणि आजीचा बिडाचा तवा : तुमचे अनुभव लिहा

घावनवेडी
शनिवारी पाच महिन्यांनी डेकवरच्या ग्रिडलचं (गॅसवर तापणारा मोठा सपाट लोखंडी तवा) कव्हर काढलं. आम्ही न्यू जर्सीत, नोव्हेंबरात झाकलेला तो थेट एप्रिलात उघडला. मधोमध ताटाएवढा गंजाचा डाग, तांबूस, बोट फिरवलं की बोटाला लागणारा. पोटात गोळाच आला. मग बसले घासत. आधी खरवडणीने, मग जाडं मीठ आणि तेल टाकून जुन्या फडक्याने, फडकं लाल व्हायचं थांबेपर्यंत. चारही बर्नर पेटवले, तेलाचा अगदी पातळ हात दिला, पहिला धूर निघाला आणि मी एकदम कणकवलीला आजीच्या मागच्या पडवीत.

आजीकडे बिडाचा तवा होता. चूल पडवीत, घावनं पडवीत. वांग्याचं देठ तेलात बुडवून तव्यावर फिरवायची, वाटीने पीठ कडेकडेने ओतत मध्ये यायची, चर्र झालं की जाळी पडलीच. त्या तव्याला साबण लावायची कुणाची टाप नव्हती. काम झालं की गरम असतानाच पुसून, खोबरेलचं बोट फिरवून खुंटीला. मला वाटायचं ही आजीची सोवळ्याओवळ्यातली शिस्त. इथे ३६ इंची ग्रिडल घेतला तेव्हा त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत तेच लिहिलेलं, गरम असताना पुसा, तेल लावा, झाका. तेल तापून लोखंडावर घट्ट काळा थर बसतो त्याला हे लोक सीझनिंग म्हणतात, आजी म्हणायची तवा रुळला.

पहिल्या उन्हाळ्यात त्यावर घावनं करायला गेले तर सगळं पीठ वाहत मागच्या तेलाच्या पन्हळीत! डेकला पाणी जायला उतार असतो ते ध्यानातच नाही आलं. मागच्या दोन चाकांखाली फळीचे तुकडे दिले, वाटीभर पाणी ओतून बघितलं, ते जागच्या जागी राहिलं तेव्हा कुठे घावन गोल झालं. आता दर वेळी आधी पाणी ओतून बघते.

तर लिहा सगळे. कुठला घेतला, कसा ठेवता, काय काय केलंत त्यावर, काय बिघडलं.

दोन_बर्नर
चार माणसांना ३६ चा घेऊ नका ही कळकळीची विनंती. आम्ही आधी तोच घेतला होता, चार बर्नर, एकूण ६०,००० बीटीयू (बर्नरच्या आचेचं माप), नाश्त्याला तीन डोसे करायचे तरी एवढं लोखंड तापवायचं, गॅस नुसता जातो. पुसायला वेगळा अर्धा तास. दीड वर्षाने विकला आणि २२ इंची टेबलावर ठेवायचा घेतला, गाडीच्या डिकीत मावतो, कॅम्पिंगला नेतो. पाहुणे आले की दोन फेऱ्या जास्त होतात एवढंच. हां पण गणपतीला मोठ्याची आठवण येते हे खरं.

मसालापाव
गणपतीच म्हणताय तर आमचं ऐका, ४० माणसं, विसर्जनाची संध्याकाळ, पावभाजी. मुंबईची गाडी डोळ्यासमोर होती, म्हटलं सगळं ग्रिडलवरच करायचं. कांदा, ढोबळी मिरची, मग टोमॅटो अडीच किलो, बटाटा, मटार, दोन तास ते रटरटत होतं. भाजी काळपट दिसायला लागली, चव घेतली तर जिभेला लोखंड. खरवडलं तर खाली काळा थर गायब, राखाडी पत्रा उघडा पडलेला. टोमॅटोच्या आंबटपणाने थर सुटतो हे तेव्हा शिकलो. सासूबाईंनी परात भरून ती भाजी बाजूला केली आणि घरात कुकर लावला.

आता अशी करतो की भाजी घरात पातेल्यात शिजवून घोटून तयार, बाहेर फक्त शेवटचं. लोण्यावर मसाला, आलं लसूण, थोडीशी भाजी ओढून घेऊन परतायची आणि वाढायची. दहा मिनिटांच्या वर टोमॅटो तव्यावर राहू देत नाही. पाव मात्र पूर्ण ग्रिडलवर, एका वेळी २४ जोड्या, तो वास गल्लीभर जातो. त्या रात्री लगेच गरम असतानाच पुसून दोन थर तेल जाळतो.

रुचा_क
थर किती द्यायचे पहिल्यांदा? आमचा काल आलाय अजून खोक्यात आहे

घावनवेडी
@रुचा_क आधी कोमट पाणी आणि साबण, हे एकदाच, कारखान्यातून निघताना लावलेलं तेल जायला. मग कोरडा करून तापव, रंग बदलून तपकिरी निळसर होईल. मग तेल चमचा दोन चमचे, चिमट्यात फडकं धरून सगळीकडे, कडा आणि कोपरेसुद्धा, आणि नंतर दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढ जसं काही लावायचंच नव्हतं. धूर येऊन थांबेपर्यंत ठेव, पंधरा वीस मिनिटं. असं चार वेळा. तेल जास्त झालं की चिकट ठिपके राहतात आणि नंतर सोलून निघतात.

रुचा_क
तेल कुठलं

शेंगदाणा_भक्त
मी जवसाचं लावलं होतं सगळे म्हणतात म्हणून, काचेसारखं चमकलं आणि सहा महिन्यांत खपल्या. सगळं काढून साधं कॅनोला लावलं, तीन वर्षं झाली. पुण्यात भाऊ शेंगदाणा तेल लावतो त्याचाही तवा झकास आहे. तेलापेक्षा पातळ लावणं महत्त्वाचं. बाय द वे कोणाला न्यू जर्सीत एडिसन गावाच्या बाजूला चांगली थालीपीठ भाजणी कुठे मिळते माहीत आहे का, मागच्या वेळची जुनी निघाली, खवट

मसालापाव
भाजणी घरी करा हो, ग्रिडल आहे ना, तांदूळ ज्वारी बाजरी हरभरा डाळ उडीद धणे सगळं त्यावरच भाजून होतं, एका वेळी चार किलो. मंद आच ठेवा फक्त आणि उलथणं सोडू नका हातातलं.

शेंगदाणा_भक्त
हे डोक्यातच नव्हतं आलं!! या वीकेंडला

सिडनीवाली
आमच्याकडे विकत घ्यायचीच गरज पडत नाही :) इथे सार्वजनिक बागांमध्ये विजेवर चालणाऱ्या बार्बेक्यूच्या सपाट स्टीलच्या प्लेटा असतात, बटण दाबलं की तापतात, ठरावीक वेळाने आपोआप बंद, परत दाबायचं, एक पैसा लागत नाही. आमचा मराठी ग्रुप महिन्यातून एकदा जमतो. मी पहिल्यांदा डोशाचं पीठ घेऊन गेले आणि घावनवेडीचं झालं तेच, प्लेटीच्या मध्ये तेल जायला भोक असतं आणि सगळा उतार भोकाकडे, पहिला डोसा गेला भोकात. आता थालीपीठं नेतो. ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट उलटी टाकायची, मधलं भोक पाडून तेल सोडायचं, वर घरून नेलेली परात उपडी. परातीखाली चार मावतात, वाफेने आतून छान शिजतात. शेजारच्या टेबलावर सॉसेज भाजणारे ऑस्ट्रेलियन आजोबा येऊन वास घेऊन गेले, मग परत आले, मग बायकोला घेऊन आले. निघताना प्लेट पुसून ठेवायची, पुढच्याला स्वच्छ मिळाली पाहिजे, मुलांना ही सवय तिथेच लागली.

गाडीवरचा
वाचतोय सकाळपासून, मध्ये गिऱ्हाईक होतं. कोल्हापुरात आईची डोशाची गाडी, मी दहावीपासून तव्यावर. आमच्याकडे ग्रिडल नाव नाही, डोसा तवा. १२ मिलिमीटरची लोखंडी प्लेट, वेल्डरकडून कडा मारून घेतलेली, दोघांनी उचलावी लागते. पातळ पत्रा घ्यायचा नाही कधी, पीठ टाकलं की गार पडतो आणि रोजच्या तापण्याने त्याला पोट येतं, मध्ये फुगतो, मग पीठ कडेला पळतं. जाड प्लेट तापायला वेळ घेते पण एकदा तापली की वीस डोसे झाले तरी दम सोडत नाही.

नवीन प्लेट आली तेव्हा आईने आठवडाभर विकायला काही काढलंच नाही. रोज तेल कांदा, तेल कांदा. मोठा कांदा अर्धा चिरून उलथण्याला टोचून घासायचा, काळा पडला की दुसरा. पहिले दहा बारा डोसे गायीला. आठव्या दिवशी एक डोसा आपणहून कडेने सुटला, उलथणं लावावंच लागलं नाही. आई काही बोलली नाही, तो डोसा तिने गणपतीच्या फोटोसमोर ठेवला.

तापमान आम्ही पाण्यावर ओळखतो. शिपका मारला की थेंब नाचत पळाले तर तवा फार तापलाय, अशा वेळी पीठ टाकलं तर वाटीला चिकटून गोळा होतं, पसरतच नाही. अजून पाणी मारायचं, हिराच्या झाडूने ओढून घ्यायचं, थेंब जागेवर चर्र करून उडाला की टाकायचं. प्रत्येक डोशाआधी हे करायचं. बघणाऱ्याला वाटतं साफ करतोय, साफ होतंच पण खरं काम तवा थोडा निववायचं आहे. तुमच्या त्या पातळ प्लेटीवर मात्र एकदम गार पाणी भसाभस ओतू नका, वाकेल. थोडं थोडं, कोमट.

रात्री शेवटी मीठ, पाणी, झाडू, कोरडा, तेल. १९ किलोचा सिलेंडर संपत आला तरी ही शेवटची पाच मिनिटं आई गॅस राखून ठेवायची. आता तिचे गुडघे गेलेत, गाडी मी बघतो, ती संध्याकाळी खुर्ची टाकून बसते आणि तव्याचा आवाज ऐकून सांगते की बारीक कर.

घावनवेडी
@गाडीवरचा दादा दोनदा वाचलं. आईंना माझा नमस्कार सांगा. आवाज ऐकून सांगतात हे अगदी आजीचं.

रुचा_क
डोळ्यात पाणी आलं. दादा गाडी कुठे लावता, जूनमध्ये येतेय कोल्हापूरला

गाडीवरचा
या की ताई, व्यक्तिगत निरोप करतो.

जळगावकर
खापराचं कोणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडे पुरणाचे मांडे उपड्या खापरावर, मातीचं मोठं भांडं चुलीवर उलटं ठेवतात, मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करून वर टाकायचा. तापल्यावर त्यालाही पाण्याचा हात मारतात. मोठ्या आईने एकदा पहिला मांडा टाकला आणि खापराला तडा गेला, लग्नघर, पन्नास माणूस बसलेलं. शेजारून दुसरं आणलं. शेजारणीने देताना एवढंच सांगितलं की हे माझ्या सासूचं आहे, जपून. मातीचं भांडं एवढी वर्षं टिकवलेलं त्या बाईने. ग्रिडल नाही हे, पण बाहेर अंगणात मोठ्या तापल्या पाठीवर भाजायचं म्हटलं की मला तेच दिसतं

मसालापाव
मांडे!!! कृती टाका ना. वेगळा धागा काढा.

जळगावकर
कृती हातात आहे हो, लिहून कशी देणार. बहिणीला विचारतो

टोरांटो_थंडी
अर्जंट मदत. दोन महिने सगळं ठीक होतं, काल सगळे बर्नर पूर्ण उघडले तरी ज्योत अगदी बारीक, डोसा पांढराच राहतोय. सिलेंडर भरलेला आहे. नवीन रेग्युलेटर मागवू का

दोन_बर्नर
थांबा मागवू नका. सिलेंडरचा नॉब झटकन उघडला होतात का, बर्नर चालू असताना? तसं केलं की गळती समजून आतला सेफ्टी व्हॉल्व्ह गॅस अडवतो. सगळं बंद करा, बर्नर पण, सिलेंडर पण. रेग्युलेटर काढा, पाच मिनिटं थांबा, परत जोडा, सिलेंडर अगदी सावकाश उघडा, मग एक बर्नर पेटवा. आणि जोडल्यावर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला तर गळती आहे, पेटवू नका.

टोरांटो_थंडी
झालं!!! ज्योत निळी आणि उंच. हात जोडून आभार. नवरा म्हणतोय आता डोसे

सिडनीवाली
@टोरांटो_थंडी चटणी कुठली

टोरांटो_थंडी
ओलं खोबरं नाही मिळालं, शेंगदाण्याची केली

लेक_सून_आई
दुपारची निजानीज झाल्यावर लिहितेय. मागच्या वर्षी सासूबाई सहा महिने इथे होत्या, सोलापूरच्या. पहिले दोन महिने घरात कोंडल्यासारख्या बसायच्या, टीव्ही लावून झोपायच्या, जेवण अर्धं. घरात तवा तापला की धुराचा अलार्म वाजायचा आणि त्या दचकायच्या, मग त्यांनी भाकरीच सोडली. मे महिन्यात ग्रिडल बाहेर काढला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, केवढी मोठी जागा गं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परात, ज्वारीचं पीठ, गरम पाणी घेऊन बाहेर.

इथे भाकरी फुगायला उघडा विस्तव नाही ना, आच प्लेटीखाली. त्यांनी एक बाजू पाणी लावून, दुसरी चांगली भाजून, मग उलटून फडक्याची घडी करून कडेकडेने दाबली, आणि ती फुगली, पूर्ण, टम्म. एका वेळी पाच. समोरच्या मेक्सिकन काकू त्यांच्या मक्याच्या तोर्तिया घेऊन आल्या, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, पण दोघी एकाच प्लेटीवर. जाताना सासूबाईंनी त्यांना हाताने थापायला शिकवलं. आता फोनवर पहिला प्रश्न असतो, तवा झाकला का? पाऊस आहे का तिकडे?

घावनवेडी
खूप सुंदर.

दोन_बर्नर
सोलापूरची शेंगा चटणी आणली होती का त्यांनी

लेक_सून_आई
दोन किलो :)

मसालापाव
एक महत्त्वाचं राहिलं. मागची तेलाची वाटी दर वेळी रिकामी करा. आमच्या ओळखीत ती तुडुंब भरलेली, वाऱ्याने ज्योत मागे गेली आणि भडका उडाला. पाणी मारू नका अशा वेळी, गॅस बंद आणि वर झाकण. घरापासून लांब लावा, छपराखाली नको. आणि हिवाळ्यानंतर बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, त्याने ज्योत पिवळी होते किंवा मागे पेटते, पहिल्यांदा पेटवायच्या आधी ब्रशने साफ करा.

घावनवेडी
अगं बाई, कोळ्याचं नव्हतं बघितलं! आत्ता जाऊन आले. चारपैकी दोन नळ्यांत जाळी निघाली, पांढरी, कापसासारखी. बरं झालं लिहिलंत.

रुचा_क
पहिला थर दिला. धूर आला. शेजारी विचारायला आला काय जळतंय

शेंगदाणा_भक्त
त्याला पहिला डोसा दे

घावनवेडी
मामीला फोन केला होता काल, आजीचा तवा आहे का विचारायला. माळ्यावर आहे म्हणाली, गंजलाय, एक कान तुटलाय. मामेभाऊ डिसेंबरात येणार आहे, त्याला सांगितलंय कपडे कमी आण. आठ किलो तरी असेल तो. मीठ आणि वांग्याची देठं मी तयार ठेवते.