कॅपिटल अक्षर दिसले की प्रॉपर नाउन समजावे का? (इयत्ता सहावी)

पानगळ:
नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. काल तिला दोन वाक्यांतल्या कॉमन नाउनखाली एक रेघ आणि प्रॉपर नाउनखाली दोन रेघा ओढायच्या होत्या. वाक्ये अशी होती: ‘द रिव्हर निअर अवर व्हिलेज इज द गोदावरी. माय मदर अँड आय गो देअर एव्हरी मंडे इन समर.’ तिने ‘गोदावरी’ आणि ‘मंडे’ यांच्याबरोबर सुरुवातीचा ‘द’, ‘माय’ आणि ‘आय’ यांच्याखालीही दोन-दोन रेघा ओढल्या, कारण विचारल्यावर ‘पहिले अक्षर कॅपिटल आहे ना!’ असे सांगितले. तिची चूक कळते, पण तिला धरून चालता येईल अशी खूण मला सांगता आली नाही. शिवाय ‘मंडे’ प्रॉपर आणि ‘समर’ कॉमन असे का, आणि गोष्टीच्या पुस्तकात ‘मदर’ कधी कॅपिटल तर कधी स्मॉल का असते, हे तिचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत.

शाळामास्तर:
पानगळताई, मी बरीच वर्षे पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवले आणि हीच चूक दर वर्षी वह्यांमध्ये पाहिली. देवनागरीत मोठे-लहान अक्षर हा भेदच नसल्यामुळे आपल्या मुलांना कॅपिटल अक्षर फार ठळक दिसते आणि ती त्यालाच खूण मानतात. प्रत्यक्षात शब्द प्रॉपर नाउन आहे म्हणून त्याला कॅपिटल मिळते. कॅपिटल आहे म्हणून तो प्रॉपर नाउन ठरत नाही. ‘द’ आणि ‘माय’ यांना ते वाक्याच्या आरंभी आल्यामुळे मिळाले. ‘आय’ हे सर्वनाम असून एकट्या त्या शब्दाला इंग्रजीत नेहमीच कॅपिटल लिहिण्याची रूढी आहे.

मुलीला आधी अक्षराकडे पाहूच देऊ नका. वाक्य तुम्ही मोठ्याने वाचा आणि तिला केवळ ऐकून ठरवू द्या. प्रत्येक नामाला एकच प्रश्न विचारायचा: हा शब्द त्या जातीच्या प्रत्येकाला लागू पडतो, की एकालाच ओळखण्यासाठी ठेवलेले ते नाव आहे? ‘रिव्हर’ गोदावरीलाही लागू पडतो, कृष्णेलाही आणि तापीलाही, म्हणून तो कॉमन. ‘गोदावरी’ म्हटल्यावर दुसरी नदी डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो प्रॉपर. मराठीच्या तासाला ती सामान्यनाम आणि विशेषनाम शिकलीच असेल, तोच हा भेद आहे.

‘द’ लागला की कॉमन, अशीही खूण काही जण सांगतात, ती मात्र फसवी आहे. नद्यांच्या आणि पर्वतरांगांच्या नावांआधी ‘द’ येतो, म्हणजे ‘द गोदावरी’, ‘द हिमालयाज’. पण एकेकट्या शिखराआधी येत नाही, म्हणून नुसते ‘कळसूबाई’ किंवा ‘माउंट एव्हरेस्ट’.

‘मदर’साठी सोपी कसोटी अशी की त्या जागी आईचे नाव घालून पाहावे. ‘मदर इज कुकिंग’मध्ये ‘सुनीता इज कुकिंग’ सहज बसते, तेव्हा तिथे ‘मदर’ नावासारखा वापरला आहे आणि कॅपिटल हवे. ‘माय मदर’च्या जागी ‘माय सुनीता’ जमत नाही, म्हणून तिथे स्मॉल.

वार आणि ऋतू यांच्याबाबत मात्र तिला खरे ते सांगावे: ती इंग्रजीची रूढी आहे आणि ती पाठच करावी लागते. वार, महिने आणि सण कॅपिटल, ऋतू स्मॉल. फ्रेंचमध्ये वार आणि महिने स्मॉल अक्षरानेच लिहितात, तर जर्मनमध्ये झाडून सगळी नामे कॅपिटलने सुरू होतात. खुद्द इंग्रजीतही पूर्वी आजच्याइतकी शिस्त नव्हती. 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘लाइफ’, ‘लिबर्टी’ आणि ‘हॅपिनेस’ ही साधी नामेही कॅपिटलने लिहिलेली आहेत.

मुद्रितशोधक:
वरील उत्तरात एक भर घालतो. जोडनाव आले की मुले त्याचे तुकडे करतात. ‘गेटवे ऑफ इंडिया’मध्ये ‘गेटवे’ला कॉमन आणि ‘इंडिया’ला प्रॉपर म्हणणारी उत्तरे मी अनेकदा पाहिली आहेत, पण तिन्ही शब्द मिळून ते एकाच वास्तूचे नाव आहे. मधला ‘ऑफ’ स्मॉलच राहतो, त्यामुळे त्याचे प्रॉपर नाउनपण कमी होत नाही. याच्या उलट, ‘सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ असे पूर्ण नाव एकदा लिहून झाल्यावर पुढे नुसते ‘द युनिव्हर्सिटी’ आले तर तो सर्वसाधारणपणे कॉमन नाउन धरून स्मॉल लिहावा.

आपल्या मुलांच्या नावांमुळेही ही गोष्ट छान समजावता येते. ‘वर्षा आली’ हे मराठीत लिहिले तर पाऊस आला की मैत्रीण, हे मागच्या-पुढच्या वाक्यावरूनच कळते. इंग्रजीत मैत्रीण आली तर ‘वर्षा’ कॅपिटलने लिहावे लागेल आणि पाऊस आला तर ‘रेन’ हा वेगळाच शब्द येईल.

विज्ञानवही:
मी विज्ञान शिकवते, म्हणून एवढेच सांगते की पुढच्या इयत्तांत हाच गोंधळ एककांमध्ये परत येतो. आयझॅक न्यूटन यांचे आडनाव प्रॉपर नाउन, पण बलाचे एकक असलेला ‘न्यूटन’ हा कॉमन नाउन, म्हणून तो स्मॉल अक्षराने लिहितात आणि त्याचे ‘न्यूटन्स’ असे अनेकवचनही होते. चिन्ह मात्र कॅपिटल एन. ‘वॅट’ आणि ‘पास्कल’ यांचेही तसेच. ‘डिग्री सेल्सिअस’मध्ये मात्र ‘सेल्सिअस’ कॅपिटलच राहतो. ‘बॉयकॉट’ हा शब्दही मुळात आडनाव होता. 1880 मध्ये आयर्लंडमधल्या कुळांनी आणि गावकऱ्यांनी चार्ल्स बॉयकॉट या जमीन-कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले, तेव्हापासून तो बहिष्काराचा शब्द झाला.

पानगळ:
सर्वांचे मनापासून आभार. आज मी तीच वाक्ये मोठ्याने वाचली आणि तिने वहीकडे न पाहता ‘गोदावरी’ आणि ‘मंडे’ एवढीच दोन प्रॉपर नाउन सांगितली. नंतर तिने विचारले की ‘अ मराठी बुक’मधल्या ‘मराठी’ला कॅपिटल असते, तर तो प्रॉपर नाउन का नाही?

शाळामास्तर:
कारण तिथे तो नाम नाही. पुस्तक कसे, तर मराठी, असे तो सांगतो, म्हणून ते विशेषण आहे. मात्र भाषेच्या नावावरून आल्यामुळे त्याला कॅपिटल मिळते. ‘आय स्पीक मराठी’मध्ये तोच शब्द भाषेचे नाव म्हणून येतो, तिथे तिने निश्चिंतपणे दोन रेघा ओढाव्यात.