गवतातल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्या: ट्रायकोमर्मेक्स स्केब्रिसेप्स की आगमुंगी?

गवतफूल_गोरेगाव:
आरेच्या उघड्या गवतात ऑक्टोबर संपता संपता एका बिळाभोवती फोलपटांचं गोल कडं दिसलं. मुंग्या कुसळीचे दाणे ओढत आत नेत होत्या. डोकं-वक्ष तांबूस, पोट काळपट, लांबी 3 ते 5 मिमी. कुणी फायडोल (मुंग्यांचा एक गट) म्हणतं, कुणी ट्रायकोमर्मेक्स स्केब्रिसेप्स. मोबाइलला क्लिपचं मॅक्रो भिंग आहे. नेमकं काय पाहू?

पेर_मोजणी:
फोलपटांवरून जात ठरवू नका. बियांची टरफलं बाहेर टाकणं ही सवय अनेक मुंग्यांची आहे. रंगावरही नको, कोशातून नुकत्याच निघालेल्या मुंग्या फिकट असतात.

आधी वक्षाची मागची उतरती बाजू कडेने बघा. तिथे दोन काटे दिसले तर स्केब्रिसेप्स बाद, फायडोलचा विचार करा. फायडोलच्या वसाहतीत बहुधा दोनच साचे असतात, बारीक कामकरी आणि अवाढव्य डोक्याच्या शिपाई. स्केब्रिसेप्समध्ये लहानापासून मोठीपर्यंत मधली सगळी मापं एकाच रांगेत सापडतात.

काटे नसले म्हणून मात्र काम संपत नाही. आगमुंगी, म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा, हिलाही काटे नाहीत, तीही बिया साठवते, तिच्यातही मापं वेगवेगळी. मुंबईत खरा घोळ हिच्याशीच होतो. तेव्हा शृंगिकांची (डोक्यावरच्या मिशांची) पेरं मोजा: आगमुंगीच्या 10 पेरांच्या, टोकाची 2 जाड. स्केब्रिसेप्सच्या 12 पेरांच्या, टोकाची 3 मोठी.

मोजताना डोक्यालगतचा लांब दांडा एक पेर धरायचा. तो विसरला की 12 चे 11 होतात. दांड्यानंतरची पेरं इतकी आखूड असतात की फोटोत दोन मिळून एक वाटतात. म्हणून आधी टोकाची जाड पेरं बघा, दोन की तीन. तेवढ्यावर बहुतेक वेळा निकाल लागतो.

गवतफूल_गोरेगाव:
भिंगात डोकं खरखरीत वाटतं, पोट चकचकीत. याला काही अर्थ आहे का?

पेर_मोजणी:
मोठा अर्थ आहे! स्केब्रिसेप्सच्या डोक्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, दाट रेघा असतात, त्यामुळे डोकं निस्तेज दिसतं. आगमुंगीचं डोकं बरंचसं गुळगुळीत आणि चमकदार. समोरून फ्लॅश मारला तर या रेघा पुसल्या जातात. उजेड एका बाजूने, तिरका आणि पातळ कागदातून गाळून द्या.

टिपणवही:
फोटो तीन हवेत: समोरून पूर्ण डोकं, कडेने अख्खी मुंगी, वरून अख्खी मुंगी. खाली मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा. रांगेतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान, दोन्ही टिपा. मुंगी स्थिर राहत नसेल तर डबीत घालून दोन-तीन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. जास्त ठेवली तर मरते. डबीला पाणी सुटलं की पाय चिकटतात, म्हणून आत टिपकागद घाला. हातात धरू नका, आगमुंगी निघाली तर डंखाच्या जागी पुळी येते.

नमुना ठेवायचा असल्यास 70-80 टक्के अल्कोहोल पुरे. डीएनएसाठी 95 च्या वर लागतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत घाला, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही मुंगी उचलायची नाही. तिथे फक्त फोटो.

जुनी_नावं:
स्केब्रिसेप्सची माहिती शोधताना तीन नावं टाका. कीटकतज्ज्ञ मायर यांनी 1879 मध्ये हिला होल्कोमर्मेक्स स्केब्रिसेप्स म्हटलं, पुढे ती मोनोमोरियम या गटात गेली आणि 2015 पासून ट्रायकोमर्मेक्समध्ये आहे. मेसॉरचे फोटो समोर आले तर बाजूला ठेवा. त्या धान्यमुंग्या आपल्याकडे राजस्थान, पंजाब, हिमालय अशा कोरड्या किंवा थंड मुलखातल्या.

आणि फोलपटांचं कडं पावसात वाहून जातं. जुलैत बीळ कड्याशिवाय दिसलं म्हणून वसाहत गेली असं नोंदवू नका. गवत पिकल्यावर त्याच जागी पुन्हा बघा.