प्रतिसाद: चेसिस नंबर जुळला की झालं?

चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, कागदांशी जुळला की जुनी क्लासिक गाडी ओरिजिनल, असं काही जण म्हणतात, पण तेवढ्यावर भागत नाही हो. जुन्या रेसिंग गाड्या आपटायच्या, इंजिन बदलायचं, बॉडी नवी यायची, मग एकीच्याच अवशेषांतून दोन गाड्या उभ्या राहतात आणि दोन्ही मालक तोच नंबर सांगतात. नंबरची प्लेट काय, कुणीही बदलेल, म्हणून फ्रेमवर ठोकलेले आकडे, आजूबाजूचं घासलेलं मेटल, वेल्डिंग बघतात, शिवाय मालकीची कागदपत्रं सलग लागतात. आता जॅग्वार कंपनीचंच उदाहरण घ्या, लाइटवेट ई-टाइप, म्हणजे त्यांच्या ई-टाइप स्पोर्ट्स कारची हलकी रेसिंग आवृत्ती, 1963 मध्ये 18 बनवायच्या ठरलेल्या, झाल्या 12च, राहिलेल्या 6 कंपनीनेच 2014 पासून बनवल्या, मग ह्यांना रेप्लिका, म्हणजे नक्कल, म्हणणार? मी तरी नाही म्हणणार, पण 1963च्या गाडीच्या रांगेतही बसवणार नाही. कोब्रा ह्या जुन्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका मात्र रेप्लिका म्हणूनच विकत असतील तर बिनधास्त घ्या, ओरखडा पडला तरी जीव जात नाही.