१८८१च्या जनगणनेत दिवेकर किती होते?

पनवेलचा_दिवेकर
पुतण्या लेस्टरला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं शेजारच्या गोऱ्या आजोबांच्या आडनावाचा नकाशा दाखवला. १८८१ साली इंग्लंडच्या कुठल्या परगण्यात त्या नावाची किती माणसं होती, रंग भरून तयार! वर म्हणतो, "काका, आता आपला काढ."

दोन रात्री घालवल्या. मुंबई इलाख्याच्या त्या सालच्या जनगणनेचा बेन्स साहेबाचा अहवाल नेटवर सापडला. त्यात कुलाबा जिल्हा आहे, धर्म, जात, धंदा आहे, आंधळे किती नि महारोगी किती तेही आहे. आडनाव मात्र एकही नाही. मी चुकीचा खंड उघडलाय का? आमचं मूळ गाव दिवेआगर, असं आजोबा सांगायचे. तीन पिढ्या पनवेलात. दिवेकर तेव्हा किती आणि कुठे होते, एवढंच हवंय.

निवृत्त_गुरुजी
दिवेकर भाऊ, खंड बरोबर आहे. पण जे मोजलंच नाही ते सापडणार कुठून? मी १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणना केल्या. पहिला प्रश्न नावाचाच, पण आडनावाला वेगळा रकाना नाही. समोरचा सांगेल ते लिहायचं. कुणी नुसतं 'काशीबाई' सांगे, कुणी आजोबांपासून सुरुवात करी. पुढे तक्ते होताना नाव गळतं आणि वय, शिक्षण, धंदा उरतात.

१८८१लाही तसंच. १७ फेब्रुवारीच्या रात्रीची ती शिरगणती. आकडे छापून झाले आणि घरोघरचे कागद कुणी जपले नाहीत. इंग्लंडात त्याच वर्षी ३ एप्रिलला मोजणी झाली. तिथे प्रगणकांच्या वह्या ठेवल्या, शंभर वर्षांनी खुल्या केल्या, आणि हौशी मंडळींनी नाव न् नाव उतरवून काढलं. पुतण्याचा नकाशा त्या वह्यांतून आलाय. शिवाय तुम्ही कुलाबा जिल्हा बघताय. दिवेआगर तेव्हा इंग्रजांकडे नव्हतंच, श्रीवर्धनचा तो सगळा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीचा.

आता माझं खरं म्हणणं. मोजलं असतं तरी दिवेआगरात दिवेकर फारसे निघाले नसते. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावील? दिवेआगरचा माणूस पेणला, पनवेलला, मुंबईला गेला की तिथले लोक त्याला दिवेकर म्हणणार. हे 'कर' गावाची वेस ओलांडल्यावर चिकटतं. म्हणून तुमचा नकाशा झालाच, तर लोक कुठून निघाले यापेक्षा कुठे जाऊन टेकले, तेच त्यात दिसेल.

मी पेण तालुक्यात एका शाळेवर होतो. तिथलं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या पोरांची नोंदवही, एका सुट्टीत झाडून काढलं. पानं वाळवीनं कडेला खाल्लेली, शाई चहासारखी झालेली. नावं 'गोमा वलद राघो' (राघोचा मुलगा गोमा) अशी, पुढे जात आणि जन्मतारीख. पानच्या पानं आडनाव नाही. एका पोराच्या नावापुढे मात्र मागाहून, निळ्या शाईत, गावाचं नाव घालून 'कर' जोडलेलं. वर्गात दोन गोमा झाले असतील आणि मास्तरांनी वाट काढली असेल, असा माझा आपला अंदाज. त्या घरात आज पन्नासेक माणसं ते नाव लावतात.

माझगावची_दिवेकरीण
मीपण दिवेकर! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात पेणकर, रोहेकर, किहीमकर, सगळे 'कर'च. पणजोबांकडे तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. बेन्सच्या तक्त्यात आम्ही ज्यूंच्या रकान्यात आणि तुम्ही भलत्याच पानावर. आडनावाच्या नकाशात मात्र दोघांना एकच रंग लागेल, आणि तुमचा पुतण्या आम्हाला भाऊबंद समजेल. समजू दे, मलिदा खायला ये म्हणावं.

आणि आजचा नकाशा काढणार असाल तर इस्राएलातलं दिमोना, अश्दोदही धरा. माझे चुलत काका तिकडे आडनाव हिब्रूत लिहितात नि फोनवर 'काय गं, जेवलीस का' विचारतात.

पनवेलचा_दिवेकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे आकडा मिळाला असता तरी त्यातले माझे किती, ते कळलंच नसतं. गुरुजी, मग सुरुवात कुठून करू?

निवृत्त_गुरुजी
१८८१ सोडा. पनवेलला पहिला कोण आला ते ठरवा आणि त्याच्या पोरांच्या शाळेत जनरल रजिस्टरचा उतारा मागा, मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज पुरतो. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. जुनी पानं मोडीत असली तर वाचणारा सोबत न्या. आणि तिथे 'दिवेकर' शोधू नका, हुकाल. पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, अशी जोडी शोधा.

पनवेलचा_दिवेकर
पणजोबा हरी. त्यांच्या वडिलांचं नाव घरात कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या आत्याला उद्या फोन लावतो. तिला सकाळी अकराच्या आतच नीट ऐकू येतं.