मदत हवी आहे: जनरल जोवान्नी मेस्से, राजाचा माणूस की मुसोलिनीचा?

नमस्कार मंडळी,

आमचे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ ला इटलीत लढले. त्यांचं इटली स्टार मेडल घरी आहे, त्याची फीत लाल-पांढरी-हिरवी, म्हणजे इटलीच्याच झेंड्याचे रंग! मग तेव्हा इटलीचं स्वतःचं सैन्य कुणाकडून होतं हे शोधत गेले आणि या माणसापाशी येऊन अडकले.

मेस्से दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतातल्या मेसान्येचा, जन्म १८८३, खालून वर चढलेला. पहिल्या महायुद्धात आर्दिती म्हणजे हल्ला चढवणाऱ्या खास तुकडीचा प्रमुख, जून १९१८ मध्ये ग्राप्पाच्या डोंगरावरचं कोल मोस्किन त्याच्या लोकांनी परत घेतलं, आजही इटलीच्या कमांडो रेजिमेंटला तेच नाव आहे. नंतर १९२३ ते २७ राजाचा एडीसी, म्हणजे राजाच्या दिमतीला असलेला लष्करी अधिकारी.

१९४१ ला रशियात ६२ हजार माणसं घेऊन गेला. त्याच्या डिव्हिजन कागदावर 'ट्रकने नेता येण्याजोग्या' आणि ट्रकच पुरेसे नाहीत, तोरिनो डिव्हिजन तर शेकडो मैल पायी तुडवत गेली, हे वाचून खरंच पोटात तुटलं. इतक्यांनाच रसद पुरत नाही तर आणखी सैन्य पाठवू नका असं त्याने मुसोलिनीला तोंडावर सांगितलं, तरी दोन लाखांवर माणसं धाडलीच. पुढे १९४२-४३ च्या हिवाळ्यात रशियातल्या डॉन नदीवर त्या सैन्याची धूळधाण झाली.

१९४३ ला उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियात. तिथला जर्मन सेनापती फॉन आर्निम १२ मे ला आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजनच्या हाती लागला, मेस्से मात्र १३ ला न्यूझीलंडच्या जनरल फ्रायबर्गला शरण गेला, तेही आदल्याच दिवशी मार्शल झालेला असताना. मग सप्टेंबरात राजाच्या सरकारने दोस्तांशी तह केला, आणि त्याच नोव्हेंबरात मेस्से इंग्लंडच्या कैदेतून सुटून दोस्तांच्या बाजूच्या इटालियन सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ! राजाचं सरकार तेव्हा ब्रिंदिसीला आलेलं, म्हणजे याच्या गावाच्या अगदी शेजारीच.

मला तर हा शेवटपर्यंत राजाचाच माणूस वाटतो, मुसोलिनीचा नाही. पण रशियात त्याने मनापासून लढाई केली, जर्मनांचं नाइट्स क्रॉस हे शौर्यपदकही घेतलं, त्याचं काय? इटलीचा इतिहास नीट वाचलेल्यांनी प्लीज सांगा.

शिवाय 'मारेशाल्लो दीतालिया'ला मराठीत फील्ड मार्शल लिहिलं तर चालेल का? आणि कुणाला इटालियन येत असेल तर त्याच्या नोकरीच्या नोंदींची चारेक पानं वाचून द्याल का, मी फोटो पाठवते.