३ फुटी माशांच्या टाकीत आपोआप पाणी भरायचंय, सम्प (टाकीखालची जोडटाकी) नाही, दीड हजाराच्या आत

हिरवीटाकी (नेरूळ)
टाकी ३६×१५×१८ इंच. झाडं, निऑन टेट्रा आणि चेरी श्रिंप. फिल्टर मागे लटकणारा, वर १२ व्होल्टचे दोन पंखे. मेमध्ये पंखे चालू असले की रोज साधारण ६ मिमी पाणी उडतं. १० दिवस गावी जायचंय, घरी कोणीच नाही. पातळी ५-६ सेंमी उतरलेली असताना लाइट जाऊन आली तर हा फिल्टर पुन्हा पाणी ओढत नाही, कोरडाच घरघरतो. त्यामुळे नुसतं काठोकाठ भरून निघणं जमणार नाही. सलाइनचा सेट लावून ठिबक सोडावं असा सल्ला मिळालाय. घर चौथ्या मजल्यावर, पाणी सांडलं तर खालच्यांच्या छतात उतरेल. काय करावं?

खाडीकाठ (ठाणे)
आधी हिशोब. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग ९१×३८ सेंमी, म्हणजे १ मिमी पातळी = जवळपास ३५० मिली. ६ मिमी म्हणजे रोज २.१ लिटर, १० दिवसांचे २१ लिटर. आता काठापासून पाणी ३ सेंमी खाली ठेवलंत तर वर जेमतेम १० लिटर मावतील. २० लिटरचा कॅन एका रात्रीत रिकामा झाला तर उरलेले १० लिटर जमिनीवर. बाकी सगळी जुळणी या आकड्याभोवतीच करायची.

सलाइनचा सेट श्रिंप नवीन पाण्यात रुळवायला उत्तम, दहा दिवस सोडून जायला नाही. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, म्हणजे २ लिटरसाठी मिनिटाला २८ थेंब लावावे लागतील. पण कॅनमधली पातळी उतरली की दाब कमी होतो आणि थेंब मंदावतात. नळीत शेवाळाचा एक धागा अडकला तरी संपलं. आणि मुख्य म्हणजे टाकीत पाणी किती आहे हे त्या नळीला कळत नाही. आपल्याकडे मेच्या शेवटी हवा दमट झाली की बाष्पीभवन एकदम घटतं, थेंब मात्र पडतच राहतात.

फ्लोट, म्हणजे पाण्यावरच्या तरंग्याने चालू-बंद होणारा स्विच, हवाच. पण एकट्या फ्लोटवरही विश्वास नको, त्याला टायमरची जोड द्या. पंप छोटा पेरिस्टाल्टिक घ्या, १२ व्होल्टचा, डोसिंगसाठी मिळतो तो. तो रोलरने नळी दाबून पाणी ढकलतो, त्यामुळे बंद असताना नळी चिमटलेलीच राहते आणि सायफन लागत नाही. साध्या बुडवायच्या पंपात सायफनचाच धोका मोठा: कॅन टाकीपेक्षा उंचावर असेल तर पंप थांबला तरी पाणी वाहत राहतं, आणि नळीचं टोक टाकीच्या पाण्यात बुडलेलं असेल तर टाकीतलं पाणी उलटं कॅनमध्ये येतं.

समजा पंप मिनिटाला ८० मिली देतो. प्लगमध्ये लावायच्या टायमरचा एक खाचा १५ मिनिटांचा असतो, म्हणजे १.२ लिटर. सकाळी एक, रात्री एक, दिवसाला जास्तीत जास्त २.४ लिटर. फ्लोट चालूच अडकला तरी रोज जादा पडणार ३०० मिली, दहा दिवसांत ३ लिटर, पातळी १ सेंमीसुद्धा चढणार नाही. ८० हा आकडा माझा. तुमच्या पंपाचा मापाच्या भांड्यात ५ मिनिटं पाणी काढून मोजा, आणि नळी तेवढ्याच उंचीवर धरून मोजा.

कोपरी_वायरिंग
वरच्या हिशोबाशी पूर्ण सहमत. जोडणी अशी: १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर टायमरमध्ये. अडॅप्टरच्या प्लसमधून वायर खालच्या फ्लोटला, तिथून वरच्या फ्लोटला, तिथून १२ व्होल्ट रिलेच्या (छोट्या करंटवर चालणारा स्विच) कॉइलला, आणि कॉइलमधून मायनसला. पंपाची प्लसची वायर रिलेच्या त्या दोन टोकांतून न्या जी कॉइलला करंट मिळाला की जुळतात. दोन्ही फ्लोट सीरिजमध्ये, तरंगा खाली असताना सर्किट जुळेल असे. उलटं चालत असेल तर दांड्याच्या टोकाची क्लिप काढून तरंगा पालथा घाला, मल्टिमीटरच्या बीपवर खात्री करा. वरचा फ्लोट १.५ सेंमी उंच ठेवा; खालचा अडकला तर तो तोडेल.

रिले वगळून पंप थेट फ्लोटवर चालवू नका. फ्लोटच्या आत रीड स्विच असतो, बहुतेकांवर १० वॅटच लिहिलेलं असतं. मोटर सुरू होताना करंटचा जो झटका बसतो, त्याने रीडच्या पात्या एकमेकींना चिकटतात. एकदा चिकटल्या की तरंगा वर आला काय नि खाली गेला काय, पंप चालूच. रिलेची कॉइल ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, तेवढं रीडला सहज झेपतं. कॉइलवर एक १एन४००७ डायोड उलटा लावा, चंदेरी पट्टी प्लसच्या बाजूला. पंपाच्या दोन टोकांवरही तसाच एक. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत मिळतात.

२३० व्होल्ट फ्लोटमधून न्यायचा विचारही करू नका. आणि प्रत्येक वायरला सॉकेटखाली झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटात शिरणार नाही.

हिरवीटाकी (नेरूळ)
दोघांचे खूप आभार. फ्लोट नेमका कुठे लावू? फिल्टरच्या धारेने पाणी सारखं हलतं. टाकीत रॅम्सहॉर्न गोगलगायीही भरपूर आहेत. आणि कॅनमध्ये आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का?

खाडीकाठ (ठाणे)
फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात. दीड इंची पीव्हीसी पाइपचा ५ इंची तुकडा घ्या, बुडणाऱ्या भागात ३ मिमीची सात-आठ भोकं पाडा, वरच्या तोंडावर जाळी बांधा आणि दोन्ही फ्लोट या नळकांड्यात बसवा. आत पाणी शांत राहतं, रिले टकटक करत नाही, मोठ्या गोगलगायी बाहेर राहतात. गोगलगाय तरंग्यावर बसून तो खाली दाबून धरते, आणि हा बिघाड या जुळणीत सर्वांत जास्त होतो. पिल्लं भोकांतून शिरतीलच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नळकांडं उघडून पुसा. टांगायला काचेच्या काठावर अडकणारा अॅक्रिलिकचा आकडा करा. रबरी सकर उन्हाळ्यात सुटतो, फ्लोट खाली घसरतो आणि पाणी भरणंच बंद होतं.

आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात नको. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. त्यावर क्षारांनी जड झालेलं पाणी ओतत राहिलात तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चढतच जातो, आणि श्रिंपना कात टाकताना त्याचा त्रास होतो. भर घालायला आरओचं गोडं पाणीच घ्या. ते कमी पडलं तर मोरबे धरणाचं नळाचं पाणीही मऊ आहे, त्यातलं क्लोरीन काढून वापरा. टँकरचं मात्र टीडीएस मीटर घातल्याशिवाय नको. एसीचं पाणी तांब्याच्या नळ्यांवरून येतं, श्रिंपच्या टाकीत नकोच.

कोपरी_वायरिंग
कॅन २५ लिटरचा, प्रकाश आत न जाणारा, जमिनीवर टाकीच्या खाली ठेवा. झाकण घट्ट लावलंत तर आत पोकळी होऊन पंप ओढायचा थांबेल, उघडं ठेवलंत तर दहा दिवसांत डासांच्या अळ्या. झाकणाला दोन भोकं: एक नळीच्या मापाचं, दुसरं हवेचं, त्यावर पातळ कापडाचा तुकडा रबराने बांधा. नळीचं टाकीतलं टोक पाण्याच्या वर २ सेंमी लटकतं ठेवा, थेंब पडताना दिसला पाहिजे.

निघायच्या किमान एक आठवडा आधी सुरू करा. काचेवर मार्करने रेघ मारा. पंप चालू असताना खालचा तरंगा बोटाने वर उचला: थांबलाच पाहिजे. सोडा, मग वरचा उचला: पुन्हा थांबला पाहिजे. नंतर खालचा तरंगा दोऱ्याने खाली बांधून एक पूर्ण दिवस तसाच ठेवा आणि पातळी किती चढली ते मोजा. रेघेपासून ३ मिमीच्या वर गेली असेल तर पंपाचा प्रवाह किंवा टायमरचे खाचे पुन्हा तपासा.