मागच्या दिव्यात ओलेड आले, तर लेन्सचे नवे साचे करावेत की थांबावे?

साचेकार_इंदूर

नमस्कार. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत गेली २२ वर्षे मी मोटारींच्या मागच्या दिव्यांचे प्लास्टिकचे भाग साच्यातून काढून देण्याचे काम करतो. बाहेरची लाल लेन्स, आतला रिफ्लेक्टर, आणि अलीकडच्या काळात एलईडीचा प्रकाश पट्टीभर पसरवणारी पारदर्शक लाइट गाइड, एवढा आमचा पसारा आहे. गेल्या आठवड्यात एका ग्राहक कंपनीच्या तरुण अभियंत्याने आपला फोन टेबलावर ठेवून मला सांगितले की, काका, पुढच्या काही वर्षांत मागचे दिवे या ओलेडच्या, म्हणजे सेंद्रिय पदार्थांच्या प्रकाश देणाऱ्या डायोडच्या, पडद्यासारखे होतील, पत्र्याइतका पातळ फलक स्वतःच उजळेल, तेव्हा लाइट गाइडच्या साच्यात नव्याने पैसे घालण्याआधी विचार करा.

विचार करतो आहेच, पण माझ्या स्वतःच्या फोनचा पडदाही ओलेडचाच आहे, आणि तीन वर्षांच्या वापरानंतर त्याच्या वरच्या कडेला घड्याळाची आणि बॅटरीच्या खुणेची पुसट सावली कायमची बसली आहे. पांढरे पान उघडले की ती स्पष्ट दिसते. खिशात राहणाऱ्या वस्तूची ही गत असेल, तर मे महिन्यात दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या दिव्याचे काय होईल? शिवाय हे तंत्र इतके चांगले असेल, तर हेडलाइटमध्ये ते कोणी का वापरत नाही? आणि मुख्य प्रश्न असा की, माझ्या साच्यांपैकी नेमके कोणते निरुपयोगी ठरतील?

जुना_फोटोमीटर

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर निव्वळ हिशेबाचे आहे आणि पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाची वाटही त्याच हिशेबातून जाते.

ओलेडचा फलक हा पृष्ठभागाचा दिवा आहे. त्याचा उजळपणा दर चौरस मीटरला किती कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) या मापात सांगतात, आणि त्याला क्षेत्रफळाने गुणले की समोरून दिसणारी तीव्रता मिळते. समजा, आपल्या दिव्यात १० सेंटीमीटर लांब व ५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे ५० चौरस सेंटीमीटरचा फलक बसवला आणि तो दर चौरस मीटरला १००० कँडेलाने उजळवला, तर समोर ५ कँडेला मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७ नुसार अंधारात सतत लागणाऱ्या मागच्या साध्या टेल दिव्याला त्याच्या थेट समोरून किमान ४ कँडेला लागतात, आणि आपल्याकडची मानकेही त्याच धर्तीवर बेतलेली आहेत. म्हणजे टेल दिव्याचे काम झाले. ब्रेकच्या दिव्याला मात्र किमान ६० कँडेला लागतात, आणि तेवढ्याच क्षेत्रफळातून ते काढायचे तर उजळपणा १२,००० वर न्यावा लागतो, म्हणजे बारापट. ओलेडचे आयुष्य उजळपणाच्या साधारण दीड ते दोन घाताने घटते, हा या क्षेत्रातला नेहमीचा आडाखा आहे. त्या आडाख्याने बारापट उजळपणावर झीज सुमारे ४२ ते १४४ पट वेगाने होते. ब्रेक सतत दाबलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्षातले चित्र इतके भयाण नाही, तरीही टेलचे काम ओलेडकडे देऊन ब्रेक आणि इंडिकेटरसाठी साधारणपणे एलईडीच का ठेवतात, हे या आकड्यांवरून कळावे.

आता हेडलाइट. एक चौरस मिलिमीटरच्या एलईडी चिपमधून ३०० ल्युमेन (एकूण प्रकाशाचे माप) निघतात असे धरले, तर तिचा उजळपणा दर चौरस मीटरला सुमारे साडेनऊ कोटी कँडेला होतो. रस्त्यावर दूरवर झोत टाकायला असा इवलासा आणि अतिप्रखर उगमच लागतो. कोणतेही भिंग किंवा आरसा उगमाचा उजळपणा वाढवू शकत नाही, तो फक्त प्रकाशाला वळण देऊ शकतो. ओलेडचा झोत करायचा म्हटले तर गाडीचे अख्खे तोंड फलकांनी मढवूनही भागणार नाही.

राजवाडा_३२

नावातच सेंद्रिय आहे, मग ते भाजीपाल्यासारखे सडणारच. फोनवरची सावली म्हणजे पडदा जळाल्याचीच खूण. साचे निर्धास्त करून घ्या, हे फॅड टिकणार नाही.

तनुपटल

वरच्या प्रतिसादातील दोन्ही विधाने दुरुस्त करणे भाग आहे. माझे संशोधनाचे काम पातळ थरांवरच चालते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

येथे सेंद्रिय म्हणजे कर्बाच्या संयुगांचे, एवढाच अर्थ आहे. शेणखताशी त्याचा संबंध नाही. १९८७ साली ईस्टमन कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अशा संयुगांचे दोन थर, दोन्ही मिळून सुमारे १३५ नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळपास पाचशेव्या भागाएवढे, दोन विद्युत्अग्रांच्या मध्ये ठेवले आणि १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर ठळक हिरवा प्रकाश मिळवला. एका बाजूने ऋण भार आणि दुसऱ्या बाजूने धन भार आत शिरतात, मधे भेटतात, आणि त्या भेटीत रेणू उत्तेजित होऊन प्रकाश देतो. गंमत अशी की, १९९७ साली पायोनियरने हे तंत्र प्रथम बाजारात आणले, तेच मोटारीतल्या स्टिरिओच्या पडद्यावर. गाडी आणि ओलेड यांची ओळख म्हणजे फोनपेक्षाही जुनी आहे.

साचेकारांच्या फोनवरची सावली जळाल्याची नसून असमान झिजेची आहे. घड्याळाच्या जागचे ठिपके रोज तासन्‌तास लागत राहिले, शेजारचे कमी लागले, म्हणून पहिले अधिक मंदावले. सर्वांत आधी थकतो तो निळा. निळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, लाल प्रकाशाची सुमारे २. निळा प्रकाश देण्याइतका उत्तेजित झालेला रेणू स्वतःचेच बंध तोडण्याच्या जवळ जाऊन पोहोचलेला असतो. मागच्या दिव्याला निळ्याची गरजच नाही. इरिडियम या धातूची संयुगे वापरणारे लाल ओलेड बरेच टिकाऊ असतात, आणि टेल दिव्यात सगळा फलक सारखाच लागत असल्यामुळे सावली उमटण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही. तेव्हा फोनच्या अनुभवावरून दिव्याचे भविष्य ठरवू नये.

खरे शत्रू दोन आहेत, ऊन आणि दमटपणा, आणि इंदूरला जूनच्या पंधरवड्यात दोन्ही लागोपाठ भेटतात. जुन्या ओलेडमध्ये धन भार वाहणारे जे संयुग वापरत, ते साधारण ६५ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागे. नंतरच्या एका प्रचलित संयुगाने ही मर्यादा सुमारे ९५ अंशांपर्यंत नेली. मोटारीच्या भागांची चाचणी ८५ अंशांवर घेतात, हे लक्षात घेतले तर पहिले संयुग गाडीत का चालले नसते, ते वेगळे सांगायला नको. आजचे थर याहून उष्णतासह आहेत, तरी तापमान वाढले की झीज वाढते, हा नियम सुटत नाही.

दमटपणाचे मात्र आपणच चांगले साक्षीदार आहात. पहिल्या पावसानंतर दिव्याच्या लेन्सला आतून धुके धरते आणि म्हणूनच आपण श्वास घेणारी छोटी झडप ठेवता, बरोबर? एलईडीला ते धुके चालते. ओलेडच्या थरापर्यंत बाष्प पोहोचले, तर धातूच्या अग्राखाली सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका पडतो आणि महिनोन्‌महिने पसरत जातो. तो पुन्हा उजळत नाही. म्हणून दर चौरस मीटरमधून दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून अधिक बाष्प जाऊ नये, असे बंधन मानतात. साध्या प्लास्टिकच्या फिल्ममधून ते ग्रॅमच्या मापात जाते. त्यामुळे फलक आपल्या लेन्सवर विसंबून राहत नाही. तो काचेत, बाष्प शोषणाऱ्या पदार्थासह, स्वतंत्रपणे मोहोरबंद होऊनच येतो.

ब्रेकच्या बाबतीत एक पुस्ती जोडते. एकावर एक दोन प्रकाशथर रचले, तर प्रत्येकाला निम्माच उजळपणा द्यावा लागतो, व्होल्टेज दुप्पट लागते, आणि वरच्याच आडाख्याने आयुष्य सुमारे तीन ते चारपट होते. गाड्यांतील पडद्यांसाठी ही दुहेरी रचना २०१९ पासून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली, आणि २०२४ मध्ये ॲपलच्या आयपॅड प्रोमध्येही आली.

डेंटिंगवाला_दादा

माझे गॅरेज आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतले मला कळत नाही, पण दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएसवर आणि ऑडीच्या टीटी आरएसवर हे दिवे आले. २०२० च्या ऑडी क्यू५ मध्ये तर उभ्या गाडीच्या मागे दुसरी गाडी दोन मीटरच्या आत आली की फलकाचे सगळे भाग आपोआप उजळतात, आणि अलीकडच्या क्यू६ ई-ट्रॉनमध्ये मागे एकूण ३६० तुकडे स्वतंत्रपणे लागतात. पाहायला सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु आपल्याकडे मागचा दिवा झिजून जात नाही, तो ठोकर लागून जातो. सिग्नलवर मागून स्कूटर टेकली आणि लेन्सला तडा गेला, तर आजही आम्ही ओळखीच्या ग्राहकाला जुनी लेन्स काढून दुसरी चिकटवून देतो. आतला काचेचा फलक तडकला, तर अख्खा दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. दहा-बारा लाखांच्या गाडीचा मालक हे बिल ऐकून घेणार नाही, आणि गाडी बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असते.

साचेकार_इंदूर

सर्वांचे आभार. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे बाहेरची लेन्स ओलेड असले तरी लागणारच, ब्रेक व इंडिकेटरचे रिफ्लेक्टरही राहणार, आणि धोका आहे तो टेल दिव्याच्या लाइट गाइडला, तोही तूर्त महागड्या गाड्यांत. आमचे ग्राहक त्या वर्गातले नाहीत. एकच शंका उरली. पुढच्या बाजूला दिवसा लागणारी जी पांढरी पट्टी असते, तिचेही काम आमच्याकडे येण्याच्या वाटेवर आहे. तेथे ओलेड येईल का?

जुना_फोटोमीटर

तोच हिशेब पुन्हा करा. दिवसाच्या दिव्याला नियम क्रमांक ८७ नुसार किमान ४०० कँडेला लागतात आणि त्याचे दिसणारे क्षेत्रफळ जास्तीत जास्त २०० चौरस सेंटीमीटर असू शकते. संपूर्ण २०० वापरले तरी उजळपणा दर चौरस मीटरला २०,००० होतो, आणि प्रत्यक्षात आपल्या पट्टीला त्याच्या निम्मी जागा मिळाली तर ४०,०००. त्यात दिवा पांढरा, म्हणजे तनुपटल यांनी सांगितलेला निळा आलाच, आणि तो भर दुपारी, ऊन पडलेले असतानाच लागणार. त्या पट्टीच्या लाइट गाइडचा साचा मी आपल्या जागी असतो तर याच महिन्यात करायला घेतला असता. फक्त ग्राहकाकडून पट्टीचे क्षेत्रफळ लेखी मागून घ्या, कारण नमुना बघून ते डोळ्यांनी नेहमी जास्तच वाटते.